सतराचं शून्य

देऊळघाटच्या शकूरभाई पिंजाऱ्याची मुलगी नाजिश माझ्याकडे शिकायला आली ते २०१४ साल होतं. बुलढाण्यात एका भांड्याच्या दुकानावरच्या माडीत माझा संगणकाचा क्लास होता. टायपिंग आणि टॅली यांवर तो चालायचा. त्या वर्षी मी मोबाईलचे ॲप बनवायला शिकवण्याचा बोर्ड लावला होता, आणि खरं सांगायचं तर मीच आदल्या दिवशी वाचून दुसऱ्या दिवशी शिकवत होतो.

शकूरभाई मुलीला मोपेडवरून घेऊन आले. गाद्यांचा कापूस पिंजून पिंजून त्यांच्या भुवयांवर कायमची पांढरी लव बसलेली असायची.

"सर, हिले मोबाईलमधले प्रोग्राम शिकाचे हायेत," ते म्हणाले. "मले त्यातलं काही समजत नाई. जमते का पाहा हिले."

नाजिश तेव्हा बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला होती. सावळी, बारीक, बोलताना समोरच्याच्या हाताकडे पाहणारी. तिला फार लवकर जमायला लागलं. वर्गातली बाकीची पोरं पडद्यावर काहीतरी हललं की खूश व्हायची. ही मात्र ते हललं कशामुळे ते समजल्याशिवाय उठायची नाही. तिच्या वहीत पानापानावर चौकोन असायचे, प्रत्येक चौकोन म्हणजे ॲपची एक स्क्रीन, आणि एका चौकोनातून दुसऱ्यात जाणारे बाण.

ॲपमधली एक स्क्रीन दुसरीला उघडते, पण पहिलीवर लिहिलेलं दुसरीला आपोआप कळत नाही. दुसरीला हाक मारतानाच सोबत सगळं बांधून द्यावं लागतं: हे नाव, हा आकडा, ही तारीख. मग दुसरी स्क्रीन त्यातून एकेक गोष्ट नावानं काढून घेते. हे काम किचकट, विशेषतः स्क्रीन जास्त असल्या की. म्हणून मी मुलांना एक सोपा रस्ता सांगितला. प्रोग्राममध्ये सगळ्या स्क्रीनना दिसेल अशी एक सामाईक जागा करायची, आकडा तिथे ठेवायचा, ज्या स्क्रीनला पाहिजे तिनं उचलायचा. सोबत बांधून देण्याची कटकटच नाही.

नाजिशनं विचारलं, "सर, ॲप मधेच बंद पडलं तर त्या जागेत ठेवलेल्याचं काय होईल?"

"बंद पडलं तर वापरणाऱ्याला कळेलच की," मी म्हणालो. "तो पुन्हा भरेल."

तिनं मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं. माझं उत्तर चुकीचं होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

शिक्षण संपल्यावर तिला बुलढाण्यातच नोकरी लागली. शंकरराव नावाच्या गृहस्थांची तीन खोल्यांची छोटी कंपनी होती, शाळांची हजेरी, दूध डेअरीच्या नोंदी असली कामं ते घ्यायचे. ॲप लिहिणारी नाजिश एकटीच. ती रोज देऊळघाटहून एसटीनं यायची. वेळ असला तर माझ्या क्लासवर डोकावायची, एखादं अडलेलं दाखवायची. वर्षभरात असं झालं की अडलेलं मीच तिला दाखवायला लागलो.

मग २०१७ चा तो हंगाम आला.

त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, दिसायला इतकी चांगली होती की रस्त्यानं जाणारा माणूस गाडी थांबवून पाहायचा. कमरेच्या वर झाडं, बोंडांनी लगडलेली. बीटीच्या बियाण्याला बोंडअळी लागत नाही हे तोवर लोकांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की कोणी बोंड फोडून पाहतच नव्हतं. दसऱ्याच्या सुमाराला फुलं उमलायची थांबली, पाकळ्या एकमेकींना चिकटून मिटलेल्याच राहू लागल्या. त्याला डोमकळी म्हणतात, आत गुलाबी अळी असते. दिवाळीला बोंडं फुटली तेव्हा आत पिवळा, चिकटलेला, किडका कापूस. मजूर बायका वेचायला यायला तयार होईनात, कारण दिवसभर वेचून टोपलीचा तळ झाकत नव्हता. मलकापूरला कापसाच्या गाड्या कमी झाल्या, हे तर बाजारात चहा पिणाऱ्यालाही दिसत होतं.

एका खाजगी न्यासानं तेव्हा ठरवलं की मलकापूरजवळच्या, पूर्णा नदीकडच्या बारा गावांतल्या लहान शेतकऱ्यांना पुढच्या हंगामाचं बियाणं आणि जनावरांचा चारा द्यायचा. ज्यांचं निम्म्याहून जास्त पीक गेलं त्यांनाच. त्यासाठी प्रत्येक शेताची पाहणी करायची, आणि ती मोबाईलवर. ते ॲप बनवायचं काम शंकररावांना मिळालं, मुदत आठ दिवस.

नाजिशनं तीन स्क्रीनचं ॲप केलं. पहिलीवर शेतकऱ्याचं नाव आणि गट नंबर. दुसरीवर पाहणीचा आकडा: शेतातून वीस हिरवी बोंडं तोडायची, कापायची, किती बोंडांत अळी निघाली ते भरायचं. तिसरीवर फोटो. फोटो काढला की हिरव्या अक्षरात 'माहिती जतन झाली'. नाव आणि गट नंबर तिनं नीट, एका स्क्रीनकडून दुसरीला बांधून पाठवले होते. बोंडांचा आकडा शेवटच्या दोन दिवसांत घाईनं जोडला, आणि तो तिनं सामाईक जागेत ठेवला. स्वतःच्या फोनवर तिनं पन्नास वेळा तपासलं. प्रत्येक वेळी बरोबर.

पाहणीला गावागावातली शिकलेली पोरं घेतली होती. त्यातल्या एका गावात धम्मदीप होता. माणिकराव आणि जनकाबाई यांचा एकुलता एक मुलगा, बीएस्सी होऊन दोन वर्षं स्पर्धा परीक्षा देणारा. त्यांची तीन एकर जमीन गावात शिरतानाच, रस्त्याला लागून. न्यासानं पोरांना पाहणीसाठी साधे, स्वस्तातले फोन दिले होते.

धम्मदीपनं काम कसं केलं ते मी नंतर त्याच्याच तोंडून ऐकलं. खिशात चाकू, काखेत एक रिकामं पोतं. शेताच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून बोंडं तोडायची, पोत्यावर चार ओळींत पाच-पाच मांडायची, मालकासमोर एकेक कापायची. आकडा मोठ्यानं म्हणायचा आणि मग भरायचा. पहिल्या दिवशी पहिलं शेत घेतलं ते स्वतःचं, कारण रस्त्यात तेच आधी लागत होतं. वीसपैकी सोळा. त्या दहा दिवसांत त्यानं त्रेसष्ट शेतं केली.

जानेवारीत यादी लागली. त्रेसष्टांपैकी एकोणीस नावं तिच्यात होती. उरलेल्या चव्वेचाळीस शेतांपुढे अळी लागलेल्या बोंडांची संख्या शून्य. माणिकरावांचं नाव यादीत दुसऱ्या क्रमांकावर होतं.

आता गावानं काय समजावं? पोरगं शेतात आलं, वीस बोंडं कापली, किडलेली बोंडं सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली, आणि कागदावर शून्य. त्याच्या घरचं मात्र बरोबर. काही जणांनी त्याची जातही काढली, आता यांच्या हातात फोन आला म्हणून हे असं, म्हणाले. पण शून्य झालेल्यांत त्याच्या स्वतःच्या वस्तीतली नऊ घरं होती, आणि ती जास्त चिडली होती. बसथांब्यावर त्याच्या चुलतभावानंच त्याच्या थोबाडीत मारली. जनकाबाईला निंदणाच्या टोळीतल्या बायकांनी बोलवायचं बंद केलं. माणिकराव ऐकायला कमी असलेला माणूस, त्यांना कोणी शिव्या दिल्या तरी ते हात जोडून हसायचे, आणि त्यामुळे लोक अजून भडकायचे.

धम्मदीपनं कंपनीत फोन केला. तो नाजिशनं घेतला.

"मॅडम, पंचफुलाबाईच्या वावरात मी वीस लिवलं होतं. तिच्या शेजारच्याचं सतरा. तुमच्याकडं शून्य कसं आलं?"

"तुम्ही भरताना चुकून रिकामं..."

"नाई मॅडम. मी मोठ्यानं म्हनून मंग भरतो. एक-दोन चुकले असते त मानलं असतं. चव्वेचाळीस कसे चुकतील?"

नाजिशनं बाराही गावांच्या नोंदी उघडून वेळेप्रमाणे लावल्या. सकाळच्या पहिल्या एक-दोन शेतांचे आकडे ठीक होते. त्यानंतर शून्य, शून्य, शून्य. मधेच एखादा बरोबर, पुन्हा शून्य. एकट्या धम्मदीपचं नाही, सगळ्यांचं. बारा गावांत अळी काय फक्त सकाळीच होती?

तिनं त्याला फोन घेऊन बुलढाण्याला बोलावलं, आणि दोघं माझ्या क्लासवर आले. शंकररावांना आधी कळू द्यायचं नव्हतं, आणि कारण तिला अजून सापडत नव्हतं. धम्मदीप उंच, मान खाली घालून बसणारा मुलगा. डाव्या गालावर अजून निळसर डाग होता. त्यानं फोन टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "जसं वावरात करत होतो तसंच करतो."

त्यानं नाव भरलं, गट नंबर भरला. पुढे गेला. सतरा लिहिलं. पुढे गेला. फोटोचं बटण दाबलं, कॅमेरा उघडला, खिडकीतून समोरच्या इमारतीचा फोटो काढला. हिरवी अक्षरं आली. नाजिशनं संगणकावर पाहिलं. सतरा.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

"परत करतो."

दुसऱ्यांदा सतरा. तिसऱ्यांदा सतरा. फोन गरम व्हायला लागला होता. पाचव्या वेळी कॅमेरा उघडायला थोडा वेळ लागला, फोटो काढून परत येताना पडदा क्षणभर पांढरा झाला. मग तिसरी स्क्रीन आली. नाव होतं, गट नंबर होता. हिरवी अक्षरं आली.

नाजिशनं संगणकाकडे पाहिलं. मी मागून वाकून पाहिलं. शून्य.

कारण कळायला मग वेळ लागला नाही. स्वस्तातल्या फोनची स्मृती अपुरी. कॅमेरा उघडला की त्याला जागा करून द्यायला फोन मागच्या ॲपला गुपचूप बाहेर काढत होता. फोटो काढून माणूस परत आला की फोन ते ॲप पुन्हा उभं करायचा, तीच स्क्रीन, तिच्यासोबत बांधून दिलेलं नाव आणि गट नंबर घेऊन. वापरणाऱ्याला वाटायचं आपण कुठे गेलोच नव्हतो. पण सामाईक जागा नव्यानं तयार व्हायची, आणि नव्या जागेत काय असतं, तर शून्य. नाजिशच्या स्वतःच्या फोनला भरपूर स्मृती होती. तिथे हे कधीच घडलं नसतं.

"म्हंजे मी बरोबर होतो," धम्मदीप म्हणाला.

"हो."

"हे तुमी लिहून द्यान का?"

"देते," नाजिश म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की त्यानं पुन्हा विचारलं, आणि तिनं पुन्हा सांगितलं.

तो सोपा रस्ता मी शिकवला होता, हे मी त्या खोलीत बोललो नाही. तिनंही माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं शंकररावांना सगळं सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी उठून दार लावून घेतलं.

"नाजिश, बियाणं वाटून झालं. चारा जनावरांनी खाल्ला. आता आपण चूक सांगून कोणाला काय मिळणार?"

"त्या मुलाला गावात मारलं, सर."

"मी त्याच्याशी बोलतो. पण असं पत्र बाहेर गेलं तर उद्या शाळावाले येतील, डेअरीवाले येतील. तू, मी, बाहेर बसलेली ती दोघं, सगळे घरी."

तिनं पत्र लिहिलं. न्यासाला पाठवलं, एक प्रत धम्मदीपला दिली. खाली स्वतःचं नाव लिहिलं, कंपनीचं लिहिलं नाही. तरी महिनाअखेर तिची नोकरी गेली. शंकररावांनी कोणापुढे तिला वाईट म्हटलं नाही, एवढं खरं.

न्यासाचं उत्तर आलं: पुन्हा पाहणी करता आली तर विचार करू. पण तोवर फेब्रुवारी उजाडला होता. अळी पुढच्या वर्षी पुन्हा येऊ नये म्हणून पऱ्हाट्या उपटून टाका असं गावोगाव सांगितलं गेलं होतं, आणि लोकांनी त्या उपटल्या होत्या. वावरं रिकामी, नांगरलेली. मोजायला बोंडच उरलं नव्हतं.

मग नाजिशनं पाहणीत जमा झालेले फोटो न्यासाकडून मागवून घेतले. फोटो तर प्रत्येक शेताचे होते. बाकीच्या गावांतल्या पोरांनी लांबून हिरव्या पऱ्हाटीचे फोटो घेतले होते, त्यात काही दिसत नव्हतं. धम्मदीपच्या फोटोंत मात्र पोत्यावर मांडलेली कापलेली बोंडं होती. तीन आठवडे ती घरी बसून एकेक फोटो मोठा करून पाहत होती. अळी दिसते का, किडलेला काळा डाग दिसतो का. बोंडागणिक खूण करायची. शंका असेल ते बोंड सोडून द्यायची. तिची आई बानो तिला जेवायला हाका मारायची आणि मग ताट तिथेच आणून ठेवायची. चव्वेचाळीसपैकी एकतीस शेतांचे आकडे तिनं तसे परत उभे केले. तेरा फोटो हलले होते.

न्यासानं ते कागद घेतले, चांगलं काम आहे म्हणाले, पुढच्या वर्षी पाहू म्हणाले. पुढच्या वर्षी न्यास दुसऱ्या जिल्ह्यात गेला.

‘पुढच्या वर्षी पाहू’ हे उत्तर आलं त्याच आठवड्यात नाजिश मला म्हणाली, "सर, मी त्या गावात जाऊन सांगणार आहे. कागद कोण वाचतं?"

मी तिच्यासोबत गेलो. सकाळी दूध घालायला सगळा गाव जिथे येतो त्या डेअरीसमोर आम्ही उभे राहिलो. धम्मदीप तिथे नव्हता. तो महिन्यापूर्वीच वाळूजला कारखान्यात लागला होता. नाजिशनं त्याला न विचारताच यायचं ठरवलं होतं, आणि हे मला तिथे पोचल्यावर कळलं.

ती बोलायला लागली तेव्हा लोक किटल्या हातात घेऊन थांबले. तिनं फोन दाखवला, कॅमेरा उघडून दाखवला, शून्य कसं झालं ते सांगितलं. मला वाटतं, चौघा-पाचांना समजलं असेल.

पंचफुलाबाई पुढे आल्या. चव्वेचाळिसांतल्या एक, वीसपैकी वीसवाल्या. "मायासमोर वीस बोंडं कापली त्यानं. वीसच्या वीस किडकी. मी सोता मोजली."

"हाव मावशी. त्यानं वीसच लिवलं होतं. माया प्रोग्रामनं ते पुसलं."

"मंग तुयानंच पुसलं त परत लिव."

"लिवलं मावशी. पन आता ते बंद झालं. कोनी घेत नाई."

"मंग आमाले काई भेटनार नाई?"

"नाई."

"मंग तू आली काऊन?"

"त्याची चूक नव्हती, हे सांगाले."

मग मागून एक माणूस म्हणाला, "अस्सं! त्याच्यासाठी आली व्हय!" कोणीतरी हसलं. त्या हसण्याबरोबर सगळ्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. आतापर्यंत जे समजत नव्हतं ते त्यांना समजलं, असं त्यांना वाटलं. बिनओळखीची पोरगी, एवढ्या लांबून आली, एका पोराचं नाव धुवायला. मशीन, सामाईक जागा, स्मृती, यापेक्षा ही गोष्ट कितीतरी सोपी होती.

नाजिशच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग तिनं ओढणी सारखी केली आणि फोन पिशवीत ठेवला. मी मध्ये बोलायला पाहिजे होतं. माझे केस पांढरे, मी मास्तर, माझं कदाचित ऐकलं असतं. मी म्हणू शकलो असतो की बाबांनो, हे हिला मी शिकवलं. मी तिला म्हणालो, "चल, गाडी चुकेल."

निघताना आम्ही जनकाबाईच्या घरावरून गेलो. त्या ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. बातमी आमच्या आधी तिथे पोचली होती.

"बस माय," त्या म्हणाल्या. नाजिश बसली नाही. जनकाबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. "तुया मनात वाईट नाई, ते दिसते मले. पन पोरी, आता पोराचं नाव दोन्हीकून गेलं."

त्याच दिवशी दुपारी धम्मदीपचा फोन आला. आम्ही मलकापूरच्या स्थानकावर गाडीची वाट पाहत होतो. त्याचा आवाज मला शेजारी बसून ऐकू येत होता.

"मॅडम, तुमी गावात काऊन गेल्या? मी म्हटलं होतं का?"

"मला वाटलं..."

"कागद दिला होता, तेवढं पुरे होतं मले. हळूहळू इसरले असते लोक. आता माय दाराबाहेर निघनार नाई."

तिनं माफी मागितली. त्यानं ती ऐकली की नाही माहीत नाही, फोन बंद झाला होता.

अफवेला देऊळघाटला पोचायला पंधरा दिवस लागले. जालन्याकडून आलेला एक रिश्ता जवळजवळ ठरला होता. त्यांनी कारण न सांगता नकार कळवला. बानोनं मुलीला काही म्हटलं नाही, पण शेजारपाजारी जाणं सोडलं. एका दुपारी शकूरभाई माझ्या क्लासवर आले. आधीच त्यांचं काम बसत चाललं होतं, लोक तयार फोमच्या गाद्या घेत होते. ते खुर्चीवर न बसता बाकड्यावर पोरांसारखे बसले.

"लोकायचं तोंड मी धरू शकत नाई, सर. त्याचं मले एवढं नाई वाटत. पन तिनं ते प्रोग्राम लिवणं सोडलं. संगणक कपड्यात गुंडाळून माळ्यावर ठिवला. तुमी तिले सांगा."

तेव्हा मी त्यांना सांगितलं. तो सोपा रस्ता तिला मी शिकवला होता, चूक मुळात माझी होती.

शकूरभाईंनी मान हलवली. "ते मले ठाऊक हाय. तिनं सांगितलं होतं. पन म्हने, अब्बा, सरांचं नाव कोनापाशी काढू नका, त्यांच्याकडं पोरं शिकायला येतात."

ते उठून गेल्यावर मी त्या दिवसाचा वर्ग घेतला नाही. त्यानंतर त्या विषयाचा वर्ग कधीच घेतला नाही.

नाजिशला मी समजावायला गेलो होतो. ती ऐकून घ्यायची, चहा करून आणायची. एकदाच म्हणाली, "सर, मला भीती अशी वाटते की मी लिहिलेलं अजून कुठेतरी चालू असेल आणि काहीतरी शून्य करत असेल, आणि कोणी फोन करणार नाही." तिनं डेअरीचं, शाळांचं, आपण लिहिलेलं सगळं आठवून शंकररावांना पानभर चिठ्ठी दिली होती, इथे इथे तपासा म्हणून. त्यांनी तपासलं की नाही, तिला कळलं नाही.

धम्मदीप वाळूजलाच राहिला. पंचफुलाबाईंनी पुढच्या पावसाळ्यात जनकाबाईला निंदणाला हाक मारली, बाकीच्या बायकांनी मारली नाही. २०२१ मध्ये माणिकराव गेले तेव्हा धम्मदीप दोन दिवस गावात आला, आईला घेऊन गेला. रस्त्याला लागून असलेलं ते वावर आता ठोक्यानं, वर्षाचे ठरलेले पैसे देऊन, दुसराच माणूस करतो.

नाजिशचं लग्न उशिरा झालं, मलकापूरच्या नौमानशी. त्याचं बॅटऱ्या दुरुस्तीचं दुकान आहे, स्वभावानं शांत माणूस. दुकानाच्या अर्ध्या भागात ती लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते. गेल्या वर्षी जुलैमध्ये मी तिथे गेलो होतो. पीक विम्याच्या अर्जांचे शेवटचे दिवस, बाहेर रांग. तिनं मला स्टूल दिलं आणि कामाला लागली.

समोर बसलेल्या म्हाताऱ्याचा अर्ज भरून झाला. पाठवायच्या आधी तिनं तो छापला, कागद हातात धरला आणि वाचायला सुरुवात केली. नाव. गाव. गट नंबर. क्षेत्र. पीक. एकेक आकडा सुटा सुटा, सावकाश, आणि प्रत्येक वेळी थांबून, "बरोबर हाय न बाबा?" म्हातारा वैतागून "हाव, हाव" म्हणत होता. तिनं शेवटपर्यंत वाचलं. मग त्याच्या हातात पेन देऊन त्यालाच प्रत्येक ओळीपुढे खूण करायला लावली.

"हे सगळ्यांचं असंच करतेस?" मी विचारलं.

"हो."

"वेळ लागत असेल."

"लागतो."

रांगेतला एक माणूस ओरडला, "ताई, पटपट करा न, वखर सोडून आलो मी!" तिनं मान वर केली नाही. पुढचा अर्ज उघडला. रांगेतली माणसं एकेक करून निघाली, समोरच्या दुकानात पाच मिनिटांत अर्ज होत होता. तासाभरात बाकावर दोनच जण उरले. नौमाननं बॅटरीवरचा हात पुसला, रिकाम्या बाकाकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागला. नाजिश वाचत होती, "क्षेत्र एक हेक्टर वीस आर. पीक कापूस."